गणिताच्या सरांनी नाणी का तोलली?

बारावीचा निकाल लागला की परभणीत घरोघरी एकच प्रश्न असतो: आता कोणती साईड घेणार? सायन्सवाल्याने इतिहास वाचायचा नाही, आर्ट्सवाल्याने गणिताकडे बघायचं नाही आणि अॅग्रीला गेलेल्याने संस्कृतच्या वाटेला जायचं नाही, हे जणू ठरलेलंच.

पण याच परभणीत, वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात प्लांट ब्रीडिंग शिकणाऱ्या एखाद्या ताईला किंवा दादाला ‘कोसंबी’ हे नाव विचारून बघा. पिकांच्या जनुकांचा नकाशा शिकताना ‘कोसंबी मॅपिंग फंक्शन’ येतंच. मग इतिहासात एम.ए. करणाऱ्या कुणाला तेच नाव विचारा. तोही म्हणेल, हो, प्राचीन भारताच्या पेपरला आहेत ना! दोघांना वाटेल, हे दोन वेगवेगळे कोसंबी असणार. माणूस मात्र एकच. दामोदर धर्मानंद कोसंबी, घरच्यांसाठी ‘बाबा’. आणि हे बाबा पगार घ्यायचे तो गणित शिकवण्याचा!

गोवा ते हार्वर्ड

३१ जुलै १९०७ रोजी गोव्यात त्यांचा जन्म झाला. वडील धर्मानंद कोसंबी हे बौद्ध धर्माचे आणि पाली भाषेचे मोठे अभ्यासक. ज्ञानाच्या ओढीने घर सोडून पुणे, काशी, नेपाळ, श्रीलंका असं फिरलेला हा माणूस. पाली ग्रंथाच्या कामासाठी हार्वर्ड विद्यापीठाने त्यांना अमेरिकेत बोलावलं. १९१८ मध्ये ते पुन्हा तिकडे निघाले तेव्हा अकरा वर्षांचा दामोदरही सोबत गेला. तिथेच शाळा झाली आणि १९२९ मध्ये हार्वर्डची पदवी, तीही सर्वोच्च श्रेणीत.

त्याच वर्षी ते भारतात परतले. आधी बनारस हिंदू विद्यापीठ, मग अलीगढ मुस्लिम विद्यापीठ आणि नंतर पुण्याचं फर्ग्युसन कॉलेज. अलीगढला त्यांना बोलावलं होतं आंद्रे वेल या तरुण फ्रेंच गणितज्ञाने. वेल पुढे जगातल्या मोठ्या गणितज्ञांत गणले गेले. १९३४ मध्ये कोसंबींना पहिलं रामानुजन स्मृती पारितोषिक मिळालं. इथपर्यंतची गोष्ट एका हुशार गणितज्ञाची. खरी गंमत पुढे आहे.

एक प्रश्न दुसऱ्याच्या दारात

फर्ग्युसनमध्ये असताना त्यांना संख्याशास्त्र शिकायचं होतं. नुसतं पुस्तक वाचून ते येत नाही, हाताशी खरा प्रश्न लागतो. आधी त्यांनी परीक्षेतल्या गुणांचा हिशोब तपासून बघितला. मग हातात घेतली आहत नाणी. ही आपल्याकडची फार जुनी चांदीची नाणी. त्यांवर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसत्या ठोकलेल्या खुणा. मग ती कोणत्या काळातली हे कळायचं कसं?

कोसंबींनी सरळ तराजू काढला. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, म्हणजे वजन घटतं. शिवाय एकाच वेळी पाडलेली नाणी सारखी झिजत नाहीत, म्हणून त्यांच्या वजनांतला फरकही वाढत जातो. हे खरंच असं होतं का, ते बघायला त्यांनी आपल्या काळात बाजारात चालणारी नाणीसुद्धा तोलली. मग तक्षशिलेच्या उत्खननात सापडलेल्या नाण्यांना हाच हिशोब लावला आणि कोणती आधीची, कोणती नंतरची, याचा क्रम लावायचा शास्त्रीय मार्ग दाखवला. हजारो नाणी एकेक करून अचूक तोलायची, हे किती चिकाटीचं काम असेल ते बघा!

नाण्यांचा क्रम लागला, पण ती पाडणारे राजे कोण? त्यासाठी जुने ग्रंथ वाचायला हवेत. म्हणून संस्कृत. वडिलांमुळे घरात भाषांचं वारं होतंच. ते भर्तृहरीच्या शतकांकडे वळले. वेगवेगळ्या हस्तलिखितांत श्लोक कमीजास्त होते. मूळ कोणते आणि मागून घुसलेले कोणते, हे ठरवायला त्यांनी शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली. १९४८ मध्ये निघालेली त्यांची संपादित प्रत संस्कृतचे पंडित आजही मानतात. नीट बघितलं तर पद्धत नाण्यांचीच होती: पुष्कळ नमुने जमवायचे, फरक मोजायचे आणि मगच बोलायचं.

शिवारातलं सूत्र

आता आपल्या कृषी विद्यापीठाकडे येऊ. १९४४ मध्ये कोसंबींनी जनुकशास्त्रावर अवघ्या चार पानांचा लेख लिहिला. प्रश्न असा. एकाच गुणसूत्रावरची दोन जनुकं एकमेकांपासून किती लांब आहेत, हे कळायचं कसं? पुढच्या पिढीत ही जोडी किती वेळा फुटते ते मोजायचं. जास्त वेळा फुटली तर अंतर जास्त. पण यात एक मेख आहे. कधी कधी जोडी दोनदा तुटून पुन्हा जुळते आणि मोजणाऱ्याला वाटतं, काही घडलंच नाही. शिवाय एका जागी तुटलं की अगदी शेजारी पुन्हा तुटायची शक्यता कमी होते.

याआधी हाल्डेन यांचं सूत्र होतं. त्यात ही दुसरी गोष्ट धरलेली नव्हती, कोसंबींनी ती धरली. शंभरात वीस वेळा जोडी फुटली, तर हाल्डेनच्या हिशोबाने अंतर साधारण २५.५ सेंटिमॉर्गन येतं आणि कोसंबींच्या हिशोबाने २१.२. फरक छोटा वाटतो. पण रोगाला दाद न देणारं जनुक नेमकं कुठे बसलंय, हे शोधताना तो मोठा ठरतो.

‘परभणी क्रांती’ भेंडी आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. केवडा रोगाला तोंड देणारा हा वाण आपल्या विद्यापीठाने रानटी जातीशी संकर करून दिला. तो कोसंबींच्या सूत्राने तयार झाला असं मुळीच नाही. पण असा गुण नेमक्या कोणत्या जनुकात आहे हे आज जगात कुठेही शोधतात, तेव्हा संगणकात हे सूत्र असतंच. सोयाबीन असो, तूर असो की गहू.

म्हसोबाच्या देवळापर्यंत

१९४५ मध्ये होमी भाभांनी त्यांना मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बोलावलं. घर पुण्यातच राहिलं. डेक्कन क्वीनने जायचं आणि यायचं! सुट्टीच्या दिवशी मात्र हातात काठी घेऊन पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालायच्या. तिथे त्यांना अश्मयुगातली बारीक दगडी हत्यारं सापडत गेली. खेड्यातल्या म्हसोबा, वेताळ, बोल्हाई या देवांची ठाणी त्यांनी पाहिली, धनगरांशी गप्पा मारल्या आणि पंढरीच्या वारीच्या वाटेचा अभ्यास केला. ही वाट संतांच्याही कितीतरी आधीची, गुरंढोरं घेऊन फिरणाऱ्या माणसांची असावी, असं त्यांनी मांडलं. आपल्या गंगाखेडच्या जनाबाईंच्या पंढरीकडे असंही बघता येतं तर!

यातूनच १९५६ मध्ये त्यांचं भारतीय इतिहासावरचं पुस्तक आलं. राजांच्या याद्या आणि लढायांच्या तारखा बाजूला ठेवून त्यांनी विचारलं: लोक काय पिकवत होते, नांगर कधी आला, पिकलेलं धान्य कुणाच्या घरात जात होतं? त्यांच्यावर मार्क्सचा प्रभाव होता. त्यांची सगळी मतं तेव्हाही सगळ्यांना पटली नाहीत, आजही पटत नाहीत. पण त्यानंतर प्राचीन भारताचा इतिहास लिहिणाऱ्याला त्यांना वगळून पुढे जाता आलं नाही.

किंमतही मोजली

हे सगळं फुकट झालं नाही. गणितवाल्यांना वाटायचं, हा माणूस भलत्याच गोष्टींत वेळ घालवतो. अणुऊर्जेपेक्षा सूर्याची ऊर्जा आपल्या देशाला परवडेल, असं ते त्या काळात उघडपणे मांडत होते. तेही भाभांच्या संस्थेत राहून! शिवाय रीमानचं अनुमान हा गणितातला महाकठीण प्रश्न आपण सोडवला, असा दावा त्यांनी केला आणि तो लेख चक्क शेतीच्या संख्याशास्त्राच्या नियतकालिकात छापला. सिद्धता चुकीची निघाली. नाव खराब झालं. १९६२ मध्ये संस्थेने त्यांचा करार पुढे चालू ठेवला नाही. २९ जून १९६६ रोजी पुण्यात, झोपेतच ते गेले. वय ५८.

तेव्हा कोसंबींनी दहा साईड घेतल्या म्हणून आपणही घ्याव्या, असा याचा अर्थ काढू नका. त्यांनी गणित पक्कं केलं आणि मग प्रश्न जिकडे गेला तिकडे ते गेले. तराजू लागला तेव्हा तराजू, संस्कृत लागलं तेव्हा संस्कृत, पायपीट लागली तेव्हा पायपीट. चुकले तिथे पुरेपूर चुकले, पण हा माझा विषय नाही म्हणून दारातून परत फिरले नाहीत.

करून बघायचंय? घरातल्या गल्ल्यातून एकाच छापाची, पण वेगवेगळ्या सालांची रुपयाची पन्नास नाणी काढा. ओळखीच्या सराफाला विनंती करून त्याच्या काट्यावर एकेक तोला. एका बाजूला साल लिहा, दुसऱ्या बाजूला वजन. वहीत जे दिसेल ते गणित आहे की इतिहास, हे मग तुम्हीच ठरवा.