कै. डॉ. पंजाबराव देशमुख : मूठभर धान्यातून उभे राहिलेले छात्रालय

थोर पुरुषांची चरित्रे आपल्या स्मरणिकेत देण्याची प्रथा आहे. त्या प्रथेस अनुसरून यंदा आम्ही वऱ्हाडचे सुपुत्र कै. डॉ. पंजाबराव ऊर्फ भाऊसाहेब देशमुख यांचे अल्पचरित्र ज्ञातिबंधुभगिनींपुढे ठेवीत आहो. आपला भोकरदन तालुका मराठवाड्यात मोडत असला, तरी त्याची शीव बुलढाणा जिल्ह्यास, म्हणजे जुन्या वऱ्हाडास, भिडलेली आहे. आपल्या कित्येक लेकी त्या बाजूस नांदतात, कित्येक सुना तिकडून येतात. त्यामुळे भाऊसाहेबांचे नाव आपल्या घरांतून परके नाही. तथापि नाव ठाऊक असणे वेगळे आणि त्या माणसाने नेमके काय केले हे ठाऊक असणे वेगळे. आपली मुले पशुवैद्यकासारख्या दीर्घ आणि खर्चिक अभ्यासक्रमास जाऊ लागली असता या चरित्रातील एक धागा आपणांस विशेष उपयोगी पडेल, अशा समजुतीने हा लेख लिहिला आहे.

भाऊसाहेबांचा जन्म २७ डिसेंबर १८९८ रोजी अमरावती जिल्ह्यातील पापळ या गावी झाला. वडिलांचे नाव श्यामराव, मातोश्रींचे राधाबाई. घराण्याचे मूळ आडनाव कदम; देशमुखी वतनामुळे पुढे देशमुख हेच रूढ झाले. घर शेतकऱ्याचे. वतनाचा मान होता. परंतु शेतीचे उत्पन्न पावसाच्या लहरीवर अवलंबून असते आणि नुसत्या मानाने मुलाची पुस्तके येत नाहीत, हे आपणां कोरडवाहू शेतकऱ्यांस निराळे सांगावयास नको. गावची शाळा संपल्यावर शिक्षणासाठी त्यांना गाव सोडावे लागले. चांदूर रेल्वे, कारंजा आणि अमरावती असा प्रवास करीत ते मॅट्रिक झाले व पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात दाखल झाले. बाळपणीच घर सुटलेल्या मुलास परक्या गावी दोन वेळचे अन्न, निजावयास जागा आणि वाचावयास दिवा या तीन गोष्टींची किंमत फार लवकर कळते. भाऊसाहेबांना ती कळली आणि जन्मभर लक्षात राहिली.

१९२० साली ते विलायतेस गेले. मुलास पाठविण्यासाठी श्यामरावांनी शेती गहाण टाकली. बैलजोडी विकून शिकविणारे बाप आपल्यांतही आहेत. म्हणून या गहाणखताचे मोल आपल्या वाचकांस अधिक समजेल. परंतु बापाच्या जमिनीवर सारा भार टाकून भाऊसाहेब स्वस्थ बसले नाहीत. एडिंबरो विद्यापीठातून एम.ए. होताना संस्कृतच्या अभ्यासासाठी असलेली व्हान्स डनलॉप शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. पुढे ऑक्सफर्ड येथे वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम व विकास या विषयावर प्रबंध लिहून त्यांनी डॉक्टरेट संपादन केली आणि बॅरिस्टरही झाले. एका शेतकऱ्याच्या मुलाने वेदविद्येवर ऑक्सफर्डची पदवी घ्यावी, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. तीत मुलाची बुद्धी होती, बापाचा त्याग होता आणि योग्य वेळी मिळालेली शिष्यवृत्तीही होती. या तिहींपैकी एक जरी उणे असते, तरी पुढचे काहीच घडले नसते.

१९२६ साली ते स्वदेशी परतले. बॅरिस्टरी करून उत्तम द्रव्यार्जन करावे आणि सुखाने राहावे हा मार्ग त्यांस मोकळा होता. त्यांनी अमरावतीस वकिली मांडली. परंतु लक्ष लागले ते खेड्यांतून शहरात शिकण्यासाठी येणाऱ्या आणि महिना दोन महिन्यांत गाशा गुंडाळून परत जाणाऱ्या मुलांकडे. ही मुले मंदबुद्धी नव्हती. त्यांस शाळेत प्रवेशही मिळत असे. ती हरत ती राहण्याजेवण्याच्या प्रश्नापुढे. यावर उपाय म्हणून भाऊसाहेबांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय सुरू केले. त्यासाठी कोणा धनिकाची मोठी देणगी येईपर्यंत ते थांबले नाहीत. त्यांनी मुष्टिफंडाची योजना केली. घरोघरी मूठमूठ धान्य बाजूस काढावयाचे, ते एकत्र करावयाचे आणि त्यावर मुलांची पंगत चालवावयाची, अशी ती साधी योजना होती.

या योजनेचे मर्म नीट ध्यानात घेतले पाहिजे. रोख रुपया शेतकऱ्याच्या हाती वर्षातून एकदोनदाच खेळतो. मूठभर धान्य मात्र गरिबाच्या घरीही निघते. ज्या घरातून मूठ निघते त्या घरास ते छात्रालय आपले वाटते. तेथील मुलगा पास झाला की नाही याची चौकशी ती माउली करते. शिवाय उपकाराचे ओझे एका दात्याचे न राहता सबंध पंचक्रोशीचे होते, आणि पंचक्रोशीचे ऋण फेडण्यासाठी मुलगा पुढे पंचक्रोशीच्याच उपयोगी पडतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि ज्ञातिसंस्थेच्या स्मरणिकेत ती लिहिताना आम्ही मुळीच संकोच करीत नाही. हे छात्रालय एका जातीचे नव्हते. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहत व जेवत. १९२७ साली अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्य बांधवांस प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या सत्याग्रहात भाऊसाहेब पुढे होते. त्याच वर्षी त्यांनी विमलाबाई वैद्य यांच्याशी आंतरजातीय विवाह केला. त्या काळी ही पाऊले किती जड होती याची कल्पना आज येणे कठीण आहे. विमलाबाईंनी पुढे सार्वजनिक कार्यात पतीस साथ दिली आणि भाऊसाहेबांच्या निधनानंतर त्या राज्यसभेच्या सदस्यही झाल्या. आपल्या माणसांविषयी कळवळा आणि जातीच्या भिंतींविषयी तिटकारा या दोन्ही भावना एका अंतःकरणात सुखाने नांदू शकतात, हे या जोडप्याने दाखवून दिले.

१९२७ मध्येच त्यांनी शेतकरी संघाच्या कार्यास आरंभ केला आणि त्याच्या प्रचारार्थ महाराष्ट्र केसरी हे पत्र चालविले. १९२८ साली ते अमरावती जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाले आणि सार्वजनिक विहिरी सर्वांस खुल्या करण्याकडे त्यांनी लक्ष दिले. १९३० साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या कायदेमंडळावर निवडून येऊन ते मंत्री झाले. शिक्षण व शेती ही खाती त्यांच्याकडे होती. सावकारी पाशात सापडलेल्या कुळांस दिलासा देणाऱ्या कर्जलवादाच्या कायद्यामागे त्यांची खटपट होती. १९३२ साली त्यांनी अमरावतीस श्री शिवाजी शिक्षण संस्था स्थापिली. शाळांपासून महाविद्यालयांपर्यंत तिचा विस्तार विदर्भभर झाला. छात्रालय आधी आणि शिक्षणसंस्था नंतर, हा क्रम आम्हांस अर्थपूर्ण वाटतो. शाळेची इमारत बांधण्यापूर्वी शिकणाऱ्याच्या पोटाची सोय पाहिली पाहिजे, ही जाण त्या क्रमात आहे.

याच काळात आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू, महाविद्यालये दूर आणि थोडी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी आपण मुक्त झालो, तेव्हा शिवेपलीकडच्या वऱ्हाडात छात्रालयांतून शिकलेली एक पिढी शिक्षक, वकील, अधिकारी होऊन उभी होती. हे अंतर बुद्धीचे नव्हते. केवळ सोयीचे होते.

घटना समितीचे सदस्य म्हणून काम केल्यावर भाऊसाहेब १९५२ साली अमरावतीतून लोकसभेवर निवडून आले आणि १९६२ पर्यंत केंद्र सरकारात कृषिखात्याचे मंत्री राहिले. भारत कृषक समाज ही शेतकऱ्यांची देशव्यापी संघटना त्यांनी उभी केली. १९५९ च्या डिसेंबरात दिल्लीस भरलेल्या जागतिक कृषिप्रदर्शनास अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर आले होते. त्या प्रदर्शनामागे भाऊसाहेबांचाच उत्साह होता.

त्यांच्या मंत्रिपदाच्या काळात गोधनासंबंधी एक मोठे कार्य सुरू झाले. बुळकांडी रोगाने त्या काळी गावेच्या गावे गोठ्यांवाचून ओस पडत. १९५४ साली या रोगाच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम हाती घेण्यात आली. गावोगाव फिरून जनावरांस लस टोचावयाची, तर माणसे हवीत आणि ती शिकलेली हवीत. मुंबईस परळ येथे १८८६ सालापासून पशुवैद्यक महाविद्यालय होते. परंतु वऱ्हाड-नागपूरच्या मुलास ते फार दूर पडे. १९५८ साली नागपूर येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. बुळकांडीचा लढा पुढे अनेक दशके चालला आणि २०११ साली तो रोग साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले. खेड्यापाड्यांत उन्हातान्हात हिंडलेल्या हजारो गुरांच्या डॉक्टरांचे हे यश होय.

१० एप्रिल १९६५ रोजी दिल्ली येथे भाऊसाहेब निवर्तले. २० ऑक्टोबर १९६९ रोजी अकोल्यास स्थापन झालेल्या कृषिविद्यापीठास त्यांचे नाव देण्यात आले आणि नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय त्या विद्यापीठाच्या छायेखाली आले. मराठवाड्यात १९७२ साली परभणीस आणि १९८७ साली उदगीरला पशुवैद्यक महाविद्यालये निघाली. २००० साली नागपूर येथे पशु व मत्स्यविज्ञान विद्यापीठ स्थापन होऊन ही सर्व महाविद्यालये त्याच्याकडे गेली. नाते तुटले असे वाटावे, तोच भाऊसाहेबांचे नाव दुसऱ्या वाटेने पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यापर्यंत पोचले. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजूर यांच्या मुलांस व्यावसायिक शिक्षण घेताना राहण्याजेवण्यासाठी शासन जो भत्ता देते, त्यास डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना असे नाव आहे, आणि पशुवैद्यकाचे विद्यार्थीही तिच्यात येतात. एखाद्या पुतळ्यापेक्षा हे स्मारक आम्हांस अधिक सार्थ वाटते.

आता आपल्या घराकडे वळू. पूर्वी गुरांचा डॉक्टर म्हटले की लोक नाक मुरडीत. आता तसे राहिले नाही. २०२२ साली महाराष्ट्रात लम्पीची साथ आली, तेव्हा दारच्या बैलाच्या अंगावरील गाठी पाहून ज्याची झोप उडाली नाही असा शेतकरी विरळा. घटसर्प, फऱ्या, लाळ्या-खुरकूत हे तर आपले जुने वैरी. केळणाकाठच्या आणि राजूरकडच्या गावांतून दुधाचा जोडधंदा वाढावयाचा, तर शिकलेला पशुवैद्य हवा, आणि तो आपल्याच मातीतला असेल तर दुधात साखर.

परंतु हा अभ्यास सोपा नाही. नीट परीक्षेतून प्रवेश मिळवावा लागतो. साडेचार वर्षे शिक्षण आणि एक वर्ष प्रत्यक्ष सेवा, असा साडेपाच वर्षांचा काळ घराबाहेर काढावा लागतो. फीची सवलत मिळाली तरी खाणावळ, पुस्तके, ॲप्रन, गमबूट, प्रवास हा खर्च महिन्याच्या महिन्यास उभा राहतो. मराठी शाळेतून गेलेल्या मुलास पहिल्याच वर्षी शरीररचनेचे जाडजूड इंग्रजी ग्रंथ वाचावे लागतात. एखाद्या विषयात नापास झाला की तो मनातून खचतो, आणि घरी सांगावयास लाजतो. अशा वेळी त्यास पैशाइतकीच धीर देणाऱ्या वडीलधाऱ्या माणसाची गरज असते. शासनाचा भत्ता मिळतो. परंतु तो अर्ज, दाखले यांच्या वाटेने येतो आणि पुष्कळदा उशिरा येतो. खाणावळवाला तोपर्यंत थांबत नाही.

म्हणून भाऊसाहेबांच्या चरित्राची आठवण नुसत्या वंदनाने संपू नये, असे आम्हांस वाटते. आमच्या सूचना थोड्या आहेत. सुगीच्या वेळी प्रत्येक सभासद कुटुंबाने एक पायली ज्वारी अथवा मका, किंवा तिची बाजारभावाने होणारी किंमत, विद्यार्थ्यांच्या खाणावळीसाठी बाजूस काढावी. भत्ता हाती येईपर्यंत या निधीतून मुलांस उचल द्यावी व भत्ता आल्यावर ती परत घ्यावी. आपल्यांतील जे पदवीधर पशुवैद्य आहेत त्यांनी दरसाल एकेका नव्या विद्यार्थ्याची विचारपूस अंगावर घ्यावी, आणि उत्पन्नाचे, अल्पभूधारकाचे दाखले वेळेवर काढून देण्याची जबाबदारी तरुणांनी वाटून घ्यावी. निधीचा हिशेब दरवर्षी याच स्मरणिकेत छापला जावा. उचल घेऊन शिकलेल्या मुलाने पदवीनंतर वर्षातून एक दिवस तालुक्यातील जनावरांची तपासणी विनामूल्य करावी, एवढीच परतफेड पुरे.

या निधीतून इतर जातींच्या मुलांस मदत द्यावी की नाही, असा प्रश्न कोणी विचारील. निधी आपल्या घरांतून जमणार, तेव्हा प्रथम हक्क आपल्या मुलांचा, हे म्हणणे आम्हांस समजते. परंतु आपल्या मुलाच्या खोलीत राहणारा, त्याच्याच ताटाशेजारी जेवणारा दुसऱ्या जातीचा मुलगा खाणावळीचे पैसे थकले म्हणून उपाशी निजत असेल, तर आपली पायली कोणासाठी होती असा प्रश्न भाऊसाहेबांचे नाव घेणाऱ्यास पडलाच पाहिजे. आमचे मत असे की, निधी आपण जमवावा, पण पंगतीत बसलेल्यास जात विचारू नये. ज्ञातिसंस्थेचा मोठेपणा तिने किती जणांस बाहेर ठेवले यावरून ठरत नाही. तिच्या मुठीतून किती ताटे भरली यावरून ठरतो.

पापळच्या एका शेतकऱ्याने जमीन गहाण टाकून मुलास शिकविले. त्या मुलाने इतर बापांवर तशी पाळी येऊ नये म्हणून आयुष्य वेचले. आपल्या तालुक्यातील एकाही बापास मुलाच्या शिक्षणापायी बैल विकावा लागू नये, एवढा संकल्प यंदाच्या वार्षिक सभेत झाला, तर कै. भाऊसाहेबांचे हे स्मरण सार्थकी लागले असे आम्ही समजू.