वाळवंटात भेटलेला अनोळखी बंधू

इंजिन बिघडल्यामुळे सहाराच्या वाळवंटात उतरावे लागलेल्या एका वैमानिकाला एक छोटा राजपुत्र भेटतो, ही कथा जगभरच्या मुलांनी वाचली आहे. १९४३ साली न्यूयॉर्क येथे प्रसिद्ध झालेल्या 'द लिटल प्रिन्स' या पुस्तकाचे लेखक आंत्वान द सैंत-एक्झुपेरी हे स्वतः वैमानिक होते. वाळवंट आणि तहान ही दोन्ही त्यांच्या प्रत्यक्ष अनुभवातील होती. त्यांच्या जीवनाचा अल्प परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

२९ जून १९०० रोजी फ्रान्समधील लियों शहरी एका उमराव कॅथलिक घराण्यात त्यांचा जन्म झाला. चार वर्षांचे होण्याआधीच त्यांचे पितृछत्र हरपले. आईने पाच मुलांना वाढवले. आंत्वान यांचे काही शिक्षण ल मान्स येथील येशूसंघीय धर्मगुरूंच्या शाळेत झाले. १९२१ साली सैन्यसेवेत असताना ते विमान चालविण्यास शिकले व १९२६ साली तुलूझ येथील हवाई टपाल कंपनीत रुजू झाले.

त्या काळी विमानांच्या इंजिनांचा भरवसा नसे. आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील टपालमार्गावर म्हणून दोन विमाने जोडीने जात. एक खाली उतरले तर दुसऱ्याने त्यातील माणसांना व टपालाला उचलून न्यावे, अशी योजना होती. १९२७ साली आंत्वान केप जुबी येथील ठाण्याचे प्रमुख झाले. वाळवंटात अडकलेल्या वैमानिकांचा शोध घेणे व टोळ्यांच्या कैदेतून त्यांना सोडविणे, हे त्यांचे काम होते.

पुढे त्यांच्यावरच तशी वेळ आली. पॅरिस ते सायगाव हे अंतर विक्रमी वेळात कापणाऱ्यास दीड लाख फ्रँकचे बक्षीस होते. २९ डिसेंबर १९३५ रोजी ते आपल्या सिमून विमानातून यांत्रिक आंद्रे प्रेवो यांच्यासह निघाले. तयारी घाईची होती. अधिक इंधन नेता यावे म्हणून रेडिओ मागे ठेवला होता. रात्री ढगांतून खाली येताना, आपण नाईल नदी ओलांडली असावी असा त्यांचा अंदाज होता. परंतु ते अद्याप नदीच्या पश्चिमेस होते. विमान वाळवंटातील पठारावर आदळले व गोल खड्यांवरून घसरत जाऊन थांबले. दोघेही बचावले, पण पाण्याची टाकी फुटून पाणी वाळूत जिरले. उरली ती थोडी कॉफी, थोडी वाइन, काही द्राक्षे आणि एक संत्रे.

दिवसा मृगजळ दिसे. पॅराशूटचे कापड पसरून त्यांनी रात्रीचे दव जमविले, पण ते पिऊन उलट्या झाल्या. अखेर विमान सोडून ते चालू लागले. चौथ्या दिवशी शक्ती संपत आली असता उंटावरून जाणाऱ्या एका बदाऊनी माणसाने त्यांना पाहिले आणि पाणी पाजले.

१९३९ साली प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात आंत्वान यांनी हा प्रसंग लिहिला. त्याच वर्षी फ्रेंच अकादमीने त्या पुस्तकाचा गौरव केला. ३१ जुलै १९४४ रोजी युद्धकाळात कोर्सिकाहून टेहळणीस गेलेले त्यांचे विमान परतले नाही. त्याचे अवशेष २००० साली मार्सेयजवळ समुद्रात आढळले व २००४ साली त्यांची ओळख पटली.

आंत्वान तरुणपणी धर्माचरणापासून दूर गेले होते, हे आम्ही लपवू इच्छित नाही. तरीही त्या बदाऊनी माणसाच्या चेहऱ्यात त्यांना अवघी मानवजात दिसली. त्याचे नाव त्या पुस्तकात नाही. तो श्रीमंत नव्हता, परधर्मी होता, आणि या परक्यांशी त्याचे काही देणेघेणे नव्हते. तो त्या दिवशी वाट वाकडी न करता पुढे गेला असता, तर छोटा राजपुत्र कधीच जन्मला नसता. भल्या शोमरोन्याचा दाखला आपण दरवर्षी ऐकतो. आपल्या दाराशी तहानलेला कोण उभा आहे, याकडे आपले लक्ष असते काय, एवढेच आम्ही वाचकांना विचारू इच्छितो.