काका बॅप्टिस्टा : माथारपाखाडीपासून नगरसभेपर्यंत

आमच्या धर्मग्रामाच्या या महोत्सवी अंकांत एखाद्या संताचें चरित्र यावें, अशी वाचकांची अपेक्षा असणें स्वाभाविक आहे. तथापि संतांचीं चरित्रें आपण वर्षभर व्यासपीठावरून ऐकत असतों. म्हणून या खेपेस आम्हीं एका गृहस्थाची निवड केली आहे. वेदीचा मान त्यांस मिळालेला नाहीं, व तो मिळावा असें सुचविण्याचा आमचा हेतूहि नाहीं. रस्ते, गटारें, चाळी, पाणी आणि पोलिसांचा खर्च यांविषयींच्या वादांत ज्यांनीं आपल्या आयुष्याचीं ऐन उमेदीचीं वर्षें वेंचलीं, असे ते एक ईस्ट इंडियन बॅरिस्टर होते. मुंबईचे कामकरी त्यांस काका म्हणत, आणि लोकमान्य टिळकांच्या चरित्रांत त्यांचें नांव वारंवार येतें. आपल्या तरुण मंडळींस मात्र तें नांव बहुधा एका बागेच्या पाटीवरूनच ठाऊक असतें.

जोसेफ बॅप्टिस्टा यांचा जन्म १७ मार्च १८६४ रोजीं मुंबईंतील माझगांवच्या माथारपाखाडींत झाला. त्यांचे वडील मूळचे भाईंदरजवळच्या उत्तनचे. म्हणजे समुद्रकांठच्या ज्या पट्ट्यांत आपले आजे-पणजे नांदले, त्याच पट्ट्यांतलें हें कूळ. माथारपाखाडी ज्यांनीं पाहिली नसेल त्यांनीं ती अवश्य पाहावी. भोंवतालीं नगरी दाटली, तरी लांकडी सज्जांचीं व बाहेरून जिना काढलेलीं घरें आणि मध्यें पवित्र क्रुसाचें प्रार्थनास्थान, अशी ती पाखाडी टिकून राहिली आहे. माझगांवच्या सेंट मेरीज शाळेंत बॅप्टिस्टांचें शिक्षण झालें. पुढें पुण्यास त्यांनीं इंजिनिअरिंगचा अभ्यास केला व कांहीं काळ सरकारी वनखात्यांत नोकरीहि केली. त्या काळीं आपल्या समाजांत याहून अधिक भाग्य तें काय? घरचा मुलगा सरकारी अंमलदार झाला म्हणजे आईबापांनीं मिस्सा अर्पण करावी. परंतु त्यांनीं ती नोकरी सोडली, केंब्रिजला जाऊन राज्यशास्त्राचें अध्ययन केलें, आणि १८९९ सालीं ते बॅरिस्टर झाले. इंजिनिअर मनुष्य वकील झाला म्हणजे त्याला नकाशाहि वाचतां येतो आणि कायद्याचें कलमहि. नगरसभेस असा सभासद क्वचितच लाभतो.

ते परतले तेव्हां मुंबई प्लेगाच्या छायेखालीं होती. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत ही सांथ प्रथम ओळखली ती डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय कॅथॉलिक डॉक्टरांनीं. तेहि म्युनिसिपालिटीचे सभासद होते, हें आमच्या वाचकांनीं विसरूं नये. ज्या गल्लींत वारा शिरत नाहीं, जेथें मोरीचें पाणी वाहून जात नाहीं, एकेका खोलींत दोन-दोन बिऱ्हाडें राहतात, अशा घरांतून मृत्यु मोकाट फिरला. आपल्या लोकांनीं त्या वर्षांत चौकाचौकांत क्रूस उभारले. त्यांपैकीं कितीतरी आजहि उभे आहेत, व मे महिन्यांत त्यांच्यापुढें रोजरी म्हटली जाते. त्या प्रार्थनेस आम्ही यत्किंचितहि उणें लेखीत नाहीं. पण क्रुसापुढून वाहणाऱ्या मोरीचें काय करावयाचें हा प्रश्न उरतोच, आणि तो नगरसभेंत सुटावयाचा असतो. १९०१ सालीं बॅप्टिस्टा त्या सभेंत गेले व पुढें सतरा वर्षें तेथें राहिले.

ती सभा कशी होती हें आधीं समजून घेतलें पाहिजे. १८८८ च्या कायद्यानें कॉर्पोरेशनचे ७२ सभासद ठरविले होते. वॉर्डांतील करदाते निवडून देत ते केवळ ३६. जस्टिस ऑफ दि पीस मंडळी निवडीत ते १६, सरकार नेमी ते १६, आणि बाकीचे चार विद्यापीठाचे व व्यापारी मंडळाचे. खर्चास मंजुरी देणें सभेच्या हातीं होतें, परंतु अंमलबजावणी करणारा कमिशनर सरकारनें नेमलेला. म्हणजे नगरीनें कर भरावा, सभासदांनीं वाद घालावा, आणि शेवटीं हुकूम दुसऱ्यानें काढावा. तरीहि सर फिरोजशहा मेहतांसारखे पुरुष त्याच सभेंत बसून सरकारास हिशेब विचारीत, आणि हिंदुस्थानांतल्या पुष्कळांनीं राज्यकारभाराचे पहिले धडे तेथेंच गिरविले.

सर्वांत मोठा वाद होता तो सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचा. प्लेगानंतर १८९८ सालीं सरकारनें हा ट्रस्ट कायद्यानें स्थापिला. रुंद रस्ते काढावे, दाट वस्त्या फोडाव्या, गरिबांसाठीं आरोग्यकारक चाळी बांधाव्या, असें त्याचें काम. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यानेंच काढले. दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनींवर नव्या वसाहतींची आंखणी केली. हें सारें पाहून आजचा मनुष्य त्यास दुवा देईल, आणि कांहीं अंशीं तें न्याय्यहि आहे. परंतु त्याच्या चौदा विश्वस्तांपैकीं कॉर्पोरेशननें निवडलेले चारच असत. नगरीच्या उत्पन्नांतून वर्गणी मात्र दरसाल जाई. शिवाय घर पाडण्यास लागतो एक दिवस, बांधण्यास लागतें वर्ष. ज्यांचीं घरें नव्या रस्त्याखालीं गेलीं ते गरीब लोक शेजारच्या गल्लींत जाऊन तेथली दाटी वाढवीत. नव्या चाळीचें भाडें त्यांपैकीं पुष्कळांस परवडत नसे. रस्ता कोणासाठीं काढावयाचा, आणि ज्याचें छप्पर त्यासाठीं काढलें त्यानें रात्रीं कोठें निजावें, हे दोन प्रश्न निरनिराळे नसून एकच आहेत. आणि त्याचें उत्तर कागदावरच्या आंखणींत मिळत नाहीं. माझगांवचा चेहराहि त्याच वर्षांत पालटत होता. तेथलें १६३२ सालीं स्थापन झालेलें ग्लोरिया देऊळ १९११ मध्यें पाडण्यांत आलें, आणि १९१३ मध्यें भायखळ्यास नवें उभें राहिलें. ज्या देवळाशीं माझगांवच्या कित्येक पिढ्यांचे बाप्तिस्मे व लग्नें बांधलेलीं होतीं, त्याची जागा बदलते म्हणजे काय होतें, हें आमच्यासारख्या धर्मगुरूस वेगळें सांगावयास नको.

पोलिसांची गोष्ट याहूनहि चमत्कारिक आहे. मुंबईचे पोलीस सरकारच्या हुकुमतीखालीं. त्यांच्या खर्चाचा वांटा मात्र म्युनिसिपालिटीनें उचलावा, असा बहुत वर्षांचा रिवाज, व त्यावरून तितक्याच वर्षांचा तंटा. १९०७ सालीं कायद्यानें त्यावर तोड निघाली. पोलीसखर्चाच्या ओझ्यांतून नगरी सुटली, आणि त्याऐवजीं प्राथमिक शिक्षण, रोग्यांचा औषधोपचार व देवी टोंचणें यांचा भार तिनें पत्करला. शाळा व दवाखाने लोकांच्या प्रतिनिधींकडे आले हें उत्तमच झालें. पण जो खर्च देतो त्याला प्रश्न विचारण्याचा जो थोडासा हक्क असतो, तोहि या सौद्यांत गेला, असें आम्हांस वाटतें.

पुढच्याच वर्षीं याचा कटु अनुभव आला. २४ जून १९०८ रोजीं लोकमान्य टिळकांस मुंबईंत अटक झाली. खटल्यांत त्यांनीं स्वतःच आपली बाजू मांडली, परंतु जे कायदेपंडित त्यांच्या साह्यास उभे राहिले त्यांत बॅप्टिस्टा होते. २२ जुलैस सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेविलें. रस्त्यांवर गोळीबार झाला, माणसें मेलीं. रस्ते नगरीचे, रस्त्यांवरचे दिवे नगरीचे, जखमींस जेथें न्यावयाचें ते दवाखानेहि नगरीचे. पण बंदूक कोणाच्या हुकुमानें उडाली हें विचारण्याचा अधिकार नगरसभेस नव्हता. टिळकांचा स्नेही व म्युनिसिपालिटीचा सभासद अशा दोन्ही नात्यांनीं बॅप्टिस्टा हें पाहत होते. पुढें होमरूलची मागणी घेऊन ते उभे राहिले, तिचें मूळ आम्हांस या दिवसांत दिसतें.

आपल्या समाजानें त्यांस काय म्हटलें असेल, याची कल्पना करणें कठीण नाहीं. ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या निमित्तानें झाली. हें नांवच ईस्ट इंडिया कंपनीशीं असलेलें जुनें नातें दाखविण्यासाठीं घेतलेलें. कचेऱ्यांत, रेल्वेंत, गोदींत आपले लोक नोकरीस. पोटाची चूल सरकारच्या कृपेवर पेटणारी. अशा समाजांतला एक शिकलेला मनुष्य राजद्रोहाच्या आरोपीच्या पाठीशीं उभा राहतो, हें किती घरांतून भयानें बोललें गेलें असेल! त्या भिण्यास आम्ही हंसणार नाहीं. भाकरीची भीति ही खरी भीति असते. पण तिच्यामुळें असें झालें कीं, राष्ट्राच्या चळवळींत आपली गणना करावयाची वेळ आली म्हणजे बोटांवर मोजण्याइतकींच नांवें निघतात, आणि त्यांत हें नांव अग्रभागीं असतें.

१९१६ च्या एप्रिलांत बेळगांव येथें टिळकांनीं होमरूल लीग स्थापिली. तिचे अध्यक्ष बॅप्टिस्टा झाले व चिटणीस न. चिं. केळकर. दुसऱ्या वर्षीं त्या मागणीसाठीं ते विलायतेस गेले. स्वराज्य हा जन्मसिद्ध हक्क असल्याच्या टिळकांच्या प्रसिद्ध घोषणेची शब्दयोजना मूळ काकांची, अशीहि एक परंपरा सांगितली जाते. तिच्याविषयीं अभिमान बाळगण्यापेक्षां त्यांच्या सतरा वर्षांच्या नगरसेवेविषयीं बाळगलेला आम्हांस अधिक आवडेल. कामकऱ्यांचें त्यांचें काम सर्वश्रुत आहे. १९२० सालीं मुंबईंत आखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसची स्थापना झाली, तींत लाला लजपतराय अध्यक्ष व काका उपाध्यक्ष. झरियाच्या कोळशाच्या खाणींच्या मुलुखांत १९२१ सालीं तिचें दुसरें अधिवेशन भरलें, त्याचे अध्यक्ष काकाच. पोप लिओ तेरावे यांनीं कामकऱ्यांच्या हक्कांविषयींचें आपलें परिपत्रक १८९१ सालीं काढलें होतें. तें आम्हीं सेमिनरींत पाठ केलें. चाळींच्या जिन्यांवर आम्ही फारसे चढलों नाहीं. काका चढले.

नगरसभा दरम्यान बदलली होती. १९२२ च्या कायद्यानें सभासदांची संख्या १०६ झाली, आणि दरमहा दहा रुपये भाडें भरणाऱ्यासहि मत मिळालें. पूर्वीं मालकाचा आवाज तेथें पोंचे, आतां भाडेकऱ्याचाहि पोंचूं लागला. अशा सभेनें १९२५ सालीं काकांस आपलें अध्यक्ष निवडलें. त्यांच्या आधींच्या वर्षीं त्या खुर्चीवर विठ्ठलभाई पटेल बसले होते. मेयर हें नांव त्या पदास १९३१ पासून मिळालें, तरी लोकांच्या तोंडीं काका मेयर म्हणूनच राहिले आहेत. अध्यक्षाच्या हातीं अंमल नव्हता. सभा चालविणें व तिचा मान राखणें एवढेंच त्याचें काम. १९२५ सालींच ट्रस्टच्या हस्तांतराचा कायदा होऊन, सत्तावीस वर्षें सरकारी विश्वस्तांनीं चालविलेलें रस्त्यांचें व चाळींचें काम नगरसभेच्या ताब्यांत येण्यास आरंभ झाला. १९३३ सालीं ट्रस्ट सर्वस्वीं तींत विलीन झाला. इतकीं वर्षें ज्या वादाची धूळ खाल्ली तो वाद नगरीच्या बाजूनें सुटूं लागल्याचें त्यांस पाहावयास मिळालें.

येथें आमचा स्वतःचा एक कबुलीजबाब देणें प्राप्त आहे. आम्ही पूर्वीं ज्या एका धर्मग्रामांत होतों, तेथें रस्ता रुंद करण्याच्या योजनेंत एक जुना क्रूस व चार घरांचीं अंगणें जावयाचीं होतीं. नोटीस वॉर्ड कचेरींत लागली, हरकती घेण्याची मुदत ठरली. आमच्यापैकीं कोणीहि ती कचेरीची पायरी चढला नाहीं. मुदत संपल्यावर आम्हीं नोव्हेना मांडली. क्रूस आतां दुसरीकडे आहे. अंगणें गेलीं तीं गेलींच. त्या चार घरांपैकीं एकींतली म्हातारी आम्हांस विचारी कीं, फादर, तुम्हांला इंग्रजी येत होतें ना? तिला आम्हीं अद्याप उत्तर दिलेलें नाहीं.

काकांच्या वडिलांचें उत्तन आज मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दींत आहे. १ ऑक्टोबर २०२० पासून त्या पालिकेच्या व वसई-विरारच्या हद्दीसाठीं मिळून एकच पोलीस आयुक्तालय चालूं झालें आहे. खाडीच्या दोन्ही तीरांवरील आपल्या लोकांस त्याचा उपयोग आहेच. परंतु पोलीस एका हातीं, रस्ते दुसऱ्या हातीं, आणि गाऱ्हाणें कोणाकडे न्यावयाचें याची विचारपूस तिसऱ्याच दारीं, हा काकांच्या वेळचा घोळ आमच्या धर्मग्रामस्थांस ओळखीचा वाटेल.

१८ सप्टेंबर १९३० रोजीं जोसेफ बॅप्टिस्टा निवर्तले. शिवडीच्या ख्रिस्ती दफनभूमींत त्यांची कबर आहे. ही दफनभूमि १८६५ सालीं म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांच्या कारकीर्दींत सुरू झालेली. माझगांवच्या टेकडीवर भंडारवाड्याच्या जलाशयावर जी बाग केलेली आहे, तीस त्यांचें नांव दिलें आहे. पायांखालीं नगरीचें पाणी, वर हिरवळ; एका अंगास गोदी व बंदर दिसतें, दुसऱ्या अंगास आगगाडीचे रूळ व चाळींचीं छपरें. डॉकयार्ड रोड स्टेशनावर उतरलें म्हणजे बाग जवळच आहे, आणि माथारपाखाडीहि तेथून पायीं जाण्याजोगी. महोत्सवाच्या वर्षांत तरुण संघाची सहल काढावयाची झाल्यास आम्ही बरोबर येऊं.