प्रोफेसर केळफा

गणपतीत हलता देखावा उभा राहिला, की मुले मूर्तीकडे कमी आणि पडद्यामागे जास्त बघतात. दोरी कोण ओढतो, दिवा कुठून पेटतो, हेच त्यांना हवे असते. आमच्या उचगावच्या अशा मुलांसाठी यंदा आम्ही एका जादूगाराची हकिकत सांगत आहोत. त्याचे रंगमंचावरचे नाव प्रोफेसर केळफा. अक्षरे उलटी वाचलीत की ओळख पटेल : फाळके.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. मुंबईचे जे. जे. स्कूल, बडोद्याचे कलाभवन असे शिक्षण झाले. गोध्र्यास फोटोचा स्टुडिओ थाटला, पण प्लेगने पत्नी आणि मूल दोन्ही नेले. त्यानंतरच्या काळात एका जर्मन जादूगाराची गाठ पडली आणि ते हातचलाखी शिकले. पुढे सरकारी पुराणवस्तू खात्यात नोकरी, मग छापखाना. तिथेही भागीदारांशी पटले नाही. चाळिशीपर्यंत या माणसाचे काही धड जमले नव्हते, असेच शेजारीपाजारी म्हणत असतील.

मुंबईत येशूच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला आणि पडद्यावर आपले देव आणायचे वेड लागले. रात्रंदिवस चित्रपट पाहून काही काळ दृष्टीच गेली. ती परत आल्यावर विम्याच्या पॉलिश्या गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. भांडवल मिळवायला मात्र जादूगारच कामास आला. कुंडीत वाटाणा पेरून त्यांनी रोज थोडे थोडे चित्रण केले. महिन्याभराची वाढ पडद्यावर क्षणात झालेली पाहून पैसेवाला विरघळला.

‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. त्यातले चमत्कार म्हणजे केळफाचेच खेळ. कॅमेरा थांबवायचा, नट हलवायचा, पुन्हा फिरवायचा, देव प्रकटतो. त्याच फिल्मवर दुसऱ्यांदा चित्रण केले, की माणसातून माणूस आरपार दिसतो. फरक एवढाच, की रंगमंचावर पाहणाऱ्याला फसवल्याचे ठाऊक असते; इथे लोक हात जोडत. ‘लंकादहन’मध्ये (१९१७) अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. हीदेखील जादूच म्हणायची! ‘कालिया मर्दन’मध्ये (१९१९) कृष्ण झाली ती त्यांची लहानगी मंदाकिनी.

या जादूगाराची साहाय्यक होती दुसरी पत्नी सरस्वतीबाई. दागिने त्यांचे गेले, फिल्मला भोके पाडली त्यांनी, रात्री ती धुतलीही त्यांनीच, आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही त्यांच्याच हातचा. श्रेयनामावलीत त्यांना जागा असायला हवी होती, असे आम्हाला वाटते.

हिंदुस्थान फिल्म कंपनी निघाली, भागीदारांशी पुन्हा बिनसले, फाळके काशीला जाऊन ‘रंगभूमी’ नाटक लिहून परतले. पण १९३१ साली ‘आलम आरा’ बोलला. आता लोकांना गाणी आणि संवाद हवे होते. मूक म्हणून काढलेल्या ‘सेतुबंधना’ला मागाहून आवाज चिकटवावा लागला.

शेवटचा डाव आपल्या शेजारच्या कोल्हापुरात झाला. तिथे त्यांनी वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी, १९३७ साली, आपला एकमेव बोलपट ‘गंगावतरण’ पुरा केला. स्वर्गातून गंगा उतरवायची, म्हणजे पुन्हा केळफाचेच काम. त्यानंतर त्यांनी चित्रपट काढला नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला ते गेले. त्यांच्या बहुतेक फिल्म्स नाहीशा झाल्या. ‘कालिया मर्दन’ बराचसा उरला आहे. त्याच्या सुरुवातीला मंदाकिनी निरनिराळे चेहरे करून दाखवते, आणि मग आपल्या डोळ्यांदेखत तिचा कृष्ण होतो.