भास्कराचार्य आणि ६१ चा प्रश्न

थोर गणितज्ञ भास्कराचार्य यांचा जन्म शके १०३६, म्हणजेच इ. स. १११४ मध्ये झाला. सह्याद्रीच्या सान्निध्यातील विज्जलविड हे आपले गाव असल्याचे त्यांनीच नोंदवून ठेवले आहे. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धांतशिरोमणी’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘लीलावती’, ‘बीजगणित’, ‘ग्रहगणित’ आणि ‘गोलाध्याय’ हे त्याचे चार भाग होत.

‘लीलावती’चे नाव सर्वतोमुखी झाले, परंतु भास्कराचार्यांच्या प्रज्ञेची उंची ‘बीजगणिता’तील एका प्रश्नात विशेष जाणवते. एखाद्या पूर्ण संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणून त्यात १ मिळवला असता पुन्हा पूर्ण वर्गच यावा, अशी संख्या कोणती? ६१ ऐवजी ६० घेतल्यास ४ हे उत्तर सहज सापडते. कारण १६ गुणिले ६० अधिक १ म्हणजे ९६१, हा ३१ चा वर्ग आहे. ६२ साठी ८ पुरतात. ६१ साठी मात्र सर्वांत लहान उत्तर २२,६१,५३,९८० हे असून, त्यातून मिळणारा वर्ग १,७६,६३,१९,०४९ या संख्येचा असतो.

एकेक संख्या पडताळून तेथवर पोहोचणे मानवी आयुष्यात अशक्यप्राय होते. भास्कराचार्यांनी त्यासाठी चक्रवाल पद्धती योजली. पूर्वसूरी जयदेवांनाही अवगत असलेल्या या पद्धतीत प्रत्येक उत्तरातून पुढचे, अधिक जवळचे उत्तर घडते. ८ च्या वर्गातून ६१ वजा केल्यास ३ उरतात. येथून आरंभ करून ३९ आणि ५ ही जोडी मिळते. ३९ चा वर्ग हा ५ च्या वर्गाच्या ६१ पटीहून केवळ ४ ने कमी आहे. पुढील वाटचाल सातव्या शतकातील ब्रह्मगुप्तांच्या नियमाने अल्पावधीत पूर्ण होते.

वयाच्या ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, त्यांनी ‘करणकुतूहल’ लिहिले. त्यांचे पुत्र लक्ष्मीधर यांना यादव नृपती जैत्रपाल यांनी सन्मानाने आपल्या दरबारी नेले. नातू चांगदेव हे राजा सिंघण यांचे ज्योतिषी. आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन अखंड चालावे म्हणून चांगदेवांनी चाळीसगावजवळील पाटण येथे मठ स्थापन केला. १२०७ मध्ये त्यास दान मिळाल्याची साक्ष तेथील शिलालेख देतो. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात हा लेख प्रकाशात आणला.

‘बीजगणिता’चा पुढचा प्रवास आजच्या छत्रपती संभाजीनगराशी निगडित आहे. येथील बीबी का मकबऱ्याचे वास्तुकार अताउल्ला रशीदी यांनी १६३४-३५ च्या सुमारास या ग्रंथाचे फारसी भाषांतर केले होते. पुढे १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्माने नेमका ६१ चाच प्रश्न युरोपातील गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून ठेवला आणि इंग्लंडच्या ब्राउंकरने तो सोडविण्याची रीत शोधली. फारसी भाषांतरावरून एडवर्ड स्ट्रॅची यांचे इंग्रजी पुस्तक निघाले ते १८१३ मध्ये. तोवर ऑयलरच्या एका गैरसमजामुळे, ते सोडविण्यात ज्याचा वाटा नव्हता त्या पेलचे नाव या समीकरणाला कायमचे चिकटले होते.