क्षयाचा जंतू दाखवणारे डॉक्टर

राजयक्ष्मा आनुवंशिक की सांसर्गिक, याविषयी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातही वैद्यकात एकमत नव्हते. बारीक ताप, खोकला, रोडावत जाणारे शरीर आणि छातीतले आवाज एवढ्यावरच निदान बेतलेले असे. ही स्थिती पालटली ती डॉ. रॉबर्ट कॉख यांनी.

जर्मनीतील क्लाउस्थाल येथे ११ डिसेंबर १८४३ रोजी जन्मलेले कॉख गटिंगेन विद्यापीठात वैद्यक शिकले. वोलश्टाइन या लहान गावी सरकारी डॉक्टर असताना पत्नीने भेट दिलेल्या सूक्ष्मदर्शकाचा त्यांना नादच लागला. घरातच प्रयोगशाळा थाटून १८७६ मध्ये त्यांनी अँथ्रॅक्सच्या जंतूचे जीवनचक्र उलगडले. १८८० मध्ये त्यांना बर्लिनचे बोलावणे आले.

क्षयाचा जंतू मात्र सहजी हाती लागेना. त्याच्या मेणचट आवरणात नेहमीचे रंग शिरत नाहीत. कॉख यांनी मिथिलीन ब्लूमध्ये अल्कली मिसळून नमुने चोवीस तास बुडवून ठेवले, वर तपकिरी रंग दिला. तेव्हा कुठे बारीक निळ्या काड्या उमटल्या. पण जंतू दिसला म्हणजे रोगाचे कारण सापडले, असे होत नाही. त्यांनी तापवून घट्ट केलेल्या रक्तद्रवावर तो वाढवला. वसाहती दिसायला दुसरा आठवडा उजाडे. उतावळ्या संशोधकाने तोवर नळ्या फेकून दिल्या असत्या! त्या जंतूंनी गिनीपिगनाही क्षय जडला आणि पुरावा पुरा झाला.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या शरीरक्रियाशास्त्र मंडळात त्यांनी हे सारे मांडले. श्रोत्यांतील पाउल एहर्लिख यांनी लगेच रंगवण्याची अधिक सोपी रीत काढली; झील आणि नीलसन यांनी ती आणखी सुधारली. थुंकीची काचपट्टी आजही त्याच पद्धतीने रंगवतात. पुढे खुद्द एहर्लिख यांच्याच थुंकीत हे जंतू आढळले, तेव्हा हवापालटासाठी त्यांनी इजिप्त गाठले.

उपचाराच्या बाबतीत मात्र कॉख यांची घाई झाली. १८९० मध्ये त्यांनी ट्युबरक्युलिन हे औषध म्हणून जाहीर केले, घटकही गुप्त ठेवले. रुग्णांची बर्लिनला रीघ लागली. पण गुण येईना, काही रुग्ण दगावले, मोठी टीका झाली. गंमत अशी, की तेच द्रव्य पुढे त्वचेवरील चाचणीच्या रूपाने निदानाच्या कामी आले.

प्लेगच्या साथीत १८९७ मध्ये ते मुंबईतही येऊन गेले. १९०५ मध्ये त्यांना क्षयावरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. २७ मे १९१० रोजी बाडेन-बाडेन येथे त्यांचे निधन झाले. त्यांची रक्षा बर्लिनमधील त्यांच्याच संस्थेत जतन केलेली आहे.