अभय आधी, सत्य नंतर : रामशास्त्री प्रभुणे



आजचं वाचन गीतेच्या सोळाव्या अध्यायाची सुरुवात. दैवी गुणांची २६ नावं आहेत. त्यात सत्य आहे, पण ते अकरावं. पहिलं नाव आहे अभय. सत्याच्या आधी अभय का? याचं उत्तर मला एका माणसाच्या आयुष्यात सापडलं.

मी सांगलीचा, नोकरी पुण्यात. घरी जाताना साताऱ्याजवळ क्षेत्र माहुली लागतं. तिथे कृष्णा आणि वेण्णा भेटतात आणि तीच कृष्णा पुढे आमच्या घाटाला येते. रामशास्त्री प्रभुणे या माहुलीचे. वडील लहानपणीच गेले. साताऱ्याच्या अनगळ सावकारांकडे हा मुलगा पडेल ती कामं करायचा. सांगतात की एकदा सावकाराच्या पायांवर पाणी घालताना त्याची नजर एका मोत्याच्या भिकबाळीवर खिळली. सावकार टाकून बोलला की असले दागिने विद्वानांना शोभतात. ते मुलाच्या जिव्हारी लागलं. शिकायचं वय उलटून गेलं होतं, तरी तो काशीला गेला आणि धर्मशास्त्र शिकून परत आला.

१७५१ मध्ये ते पेशव्यांच्या नोकरीत लागले आणि १७५९ मध्ये न्यायाधीश झाले. माधवराव पेशवे जपतपात फार रमू लागले, तेव्हा शास्त्रीबुवांनी त्यांनाही सुनावलं की हेच करायचं तर गादी सोडून काशीला चला, नाहीतर प्रजेचं काम बघा. आपल्यासारख्या रोज पोथी वाचणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवायला हवं!

मग आला ३० ऑगस्ट १७७३. शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. पोरगा जेमतेम अठरा वर्षांचा. गादीवर आले काका, रघुनाथराव. शास्त्रीबुवांनी गाजावाजा न करता चौकशी केली आणि धागा थेट काकांपर्यंत पोहोचला. पकडण्याचा हुकूम दिला होता, मारण्याचा नाही, असं राघोबांनी कबूल केल्याचं ग्रँट डफ नोंदवतो. शास्त्रीबुवांनी समोर उभं राहून सांगितलं की या पापाला देहांत प्रायश्चित्तच आहे. मग पद सोडलं, पुणे सोडलं आणि वाईजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिले. पुढे बारभाईंनी कारभार हाती घेतल्यावर त्यांना सन्मानाने परत बोलावलं. १७८९ मध्ये ते वारले.

आता गंमत बघा. राघोबादादा काय भित्रे होते? ज्यांची फौज अटकेपर्यंत गेली, त्यांना भित्रं कोण म्हणेल? पण शत्रूला न घाबरणारा हा माणूस गादी हातून जाईल या भीतीने आयुष्यभर पोखरला गेला. शौर्य होतं, अभय नव्हतं. जिथे काहीतरी गच्च धरून ठेवायचं असतं तिथे भीती येतेच.

आणि शास्त्रीबुवांनी काय धरून ठेवलं होतं? डफ लिहितो की एका दिवसापुरतं लागेल त्यापेक्षा जास्त ते घरात ठेवत नसत. ज्याच्या घरातून न्यायला काही नाही, त्याला धमकी तरी कशाची देणार?

हे अभय कठोर होतं, पण कोरडं नव्हतं. तासगावच्या परशुरामभाऊ पटवर्धनांची मुलगी लहानपणीच विधवा झाली. तिच्या पुनर्विवाहाला शास्त्रीबुवांनी अनुकूल मत दिलं होतं असं सांगतात. तो विवाह झाला नाही. पण त्या काळात शास्त्र्यानेच असं म्हणणं किती अवघड!

आता माझी गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आमच्या प्रोजेक्टमध्ये रात्री सिस्टीम कोसळली. टेस्टिंग न करता रिलीज करायचा निर्णय वरून आला होता. रिपोर्टमध्ये मात्र एका नवख्या पोराची चूक लिहिली गेली. रिपोर्ट माझ्याकडे तपासायला आला. मला सगळं माहीत होतं. मी ओके करून पाठवला. अप्रेझल महिन्यावर होतं, फ्लॅटचा हप्ता चालू होता. त्या पोराने नंतर नोकरी सोडली. तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मी खोटं थोडंच बोललो? पण सत्य माहीत असून ते तोंडातून निघालं नाही, कारण अभय नव्हतं. म्हणून ते यादीत पहिलं.

सगळं सोडून खेड्यात जाणं मला जमणार नाही, तुम्हालाही बहुतेक नाही. पण एक जमेल. आज एका कागदावर लिहा की मी कशाच्या भीतीने गप्प बसतो. माझ्या कागदावर हप्ता आहे. या वर्षी मी तो थोडा लवकर फेडायला घेतलाय. आणि त्या पोराला परवा फोन केला. दोन वर्षं उशिरा, पण केला.

उद्या याच अध्यायातल्या आसुरी गुणांकडे वळू. त्या यादीत पहिला आहे दंभ, म्हणजे उद्या पुन्हा आपलीच झडती!

राम कृष्ण हरी.